सात माणसांची गाडी आणि तिच्यात मुरलेलं पाणी

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते.

«आमच्या घरात सात माणसं. मी, पत्नी, नऊ आणि चार वर्षांच्या दोन मुली, आई-वडील आणि आत्या. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. कॉलेजात शिकवायला मी दुचाकीवरच जातो. गाडी लागते ती महिन्यातून दोनदा पाटणजवळच्या गावी जायला, सुट्टीत कोकणात उतरायला आणि दवाखान्यासाठी. वर्षाला आठ हजार किलोमीटर झाले तरी खूप. सात लाखांच्या वर जाता येणार नाही. दोन गाड्या पाहिल्या आहेत. एक २०१२ची डिझेल इनोव्हा, मूळ दिल्लीची, आता आपल्याकडचं पासिंग, तिसरा मालक, मीटर १ लाख १२ हजार, किंमत पावणेसात लाख. दुसरी जून २०१६ची पेट्रोल एर्टिगा व्हीएक्सआय, एमएच १० म्हणजे सांगलीची, एकच मालक, ६४ हजार किलोमीटर, सहा लाख वीस हजार. वडिलांचं म्हणणं, घ्यायची तर इनोव्हाच. कराडचा एजंट म्हणतो, रविवारपर्यंत २५ हजार टोकन दिलं नाही तर एर्टिगा जाईल. काय करू?»

टोकन देऊ नका, ही पहिली गोष्ट. आज गुरुवार आहे असं धरलं तर रविवारपर्यंत तीन दिवस आहेत. या तीन दिवसांत दोन्ही गाड्यांबद्दल जेवढं कळायला हवं तेवढं कळू शकतं.

वडिलांच्या मनात इनोव्हा का आहे हे मी समजू शकते. २००५मध्ये क्वालिसच्या जागी ती आली आणि तेव्हापासून आपल्याकडे लांबच्या प्रवासाला इनोव्हा हे समीकरणच झालं. २.५ लिटरचं ते डिझेल इंजिन वेळेवर तेल बदललं तर तीन लाखांच्या पुढेही निमूट चालतं. मधल्या ओळीत बसून पंढरपूरला जाऊन आलेला माणूस दुसऱ्या गाडीला सहजासहजी हो म्हणत नाही. गाडी म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही. मी नको म्हणतेय ती तुम्ही पाहिलेल्या त्या एका इनोव्हाला.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं बंदी घातली आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या मुदत भरत आलेल्या डिझेल गाड्या पडेल भावात निघू लागल्या आणि एनओसी घेऊन इतर राज्यांत येऊ लागल्या. त्यात गैर काही नाही. पण २०१२ची गाडी म्हणजे २०२२मध्ये तिची तिकडची दहा वर्षं भरली. पहिल्या मालकानं किती चालवली, सर्व्हिस कुठे केली, दिल्लीत ती कुणाच्या टॅक्सीला होती का, हे सांगणारं कुणीही आता तुमच्यासमोर नाही. सात-आठ सिटांची डिझेल गाडी माणूस घेतो ती भरपूर चालवायलाच. त्यामुळे इतक्या वर्षांत १ लाख १२ हजार हा आकडा मला पटत नाही. तो खोटाच आहे असं मी म्हणणार नाही, पण खरा आहे हे विकणाऱ्यानं सर्व्हिसच्या कागदांवरून दाखवायला हवं. या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे आतले भाग तालात फिरवणारा पट्टा असतो, चेन नसते. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचं काम निघतं आणि तो खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. मीटर मागे फिरवलेलं असेल, तर बेल्ट बदलायची वेळ झाली की नाही हे कुणाला कळणार?

आणखी एक गोष्ट वडिलांना शांतपणे सांगा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ही गाडी २०२७मध्ये १५ वर्षांची होते. त्यानंतर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण हे सगळं तुमच्या मागे लागेल, आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक आधी तेच विचारेल.

डिझेल स्वस्त पडतं हा हिशेबही तुमच्याबाबतीत जुळत नाही. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरू. एर्टिगा घाट-गाव मिळून लिटरला १४ देते, जुनी इनोव्हा ११-१२. आठ हजार किलोमीटरला एर्टिगाचं पेट्रोल साधारण ६० हजारांचं होतं आणि इनोव्हाचं डिझेल ६३ हजारांचं. शिवाय इनोव्हाचे टायर, क्लच, ब्रेक, विमा सगळंच चढ्या भावाचं. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं नसतं.

आता आईंचे गुडघे. कागदांवर येण्याआधी मी इथे थोडी थांबते, कारण सात सिटांची गाडी घेताना माणसं इंजिन पाहतात, मायलेज पाहतात आणि त्यात बसणार कोण हेच विसरतात. इनोव्हा चॅसीवर बांधलेली आहे, तिचा तळ उंच. गुडघे बदललेल्या माणसाला पाय उचलून, हँडल धरून वर चढावं लागतं आणि उतरताना त्याहून जास्त त्रास होतो. एर्टिगाचा तळ खाली आहे, खुर्चीवर बसावं तसं बसता येतं. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. गाडी बघायला आईंना आणि आत्यांना घेऊन जा. त्यांना स्वतःहून चढू-उतरू द्या, दोनदा, कुणी हात न देता. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि एजंटच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा त्याला वजन आहे.

बसायची व्यवस्थाही आत्ताच ठरवा. आई पुढे. मधल्या ओळीत वडील, आत्या आणि त्यांच्यामध्ये किंवा खिडकीशी धाकटी, तिच्या चाइल्ड सीटमध्ये. धाकटीला मागच्या ओळीत बसवायचं नाही, तिथे डिकीची काच अगदी डोक्यामागे असते. मागे तुमची पत्नी आणि थोरली. पत्नीला मागे बसवून अर्धा तास फिरवून आणा. पहिल्या पिढीच्या एर्टिगात मोठ्या माणसाचे गुडघे तिथे वर येतात. पाटणपर्यंत चालेल, गुहागरपर्यंत कुंभार्लीच्या वळणांतून चालेल का हे त्यांनाच ठरवू द्या. मागच्या ओळीचे दोन्ही सीटबेल्ट ओढून, लावून, सोडून पाहा. वर्षानुवर्षं न वापरल्यानं ते अडकलेले सापडतात. आणि सातही जण बसले की डिकी उरतच नाही हे स्वीकारा. तुम्ही पाहिलेल्या गाडीत तेव्हा १३५ लिटर जागा राहते, म्हणजे दोन दप्तरं आणि एक पिशवी. नोव्हेंबर २०१८नंतरच्या नव्या एर्टिगात २०९ लिटर. कोकणात जायचं तर वर कॅरिअर लागेल, तो खर्च आत्ताच धरा. सीएनजीची एर्टिगा मी तुम्हाला म्हणूनच सुचवत नाही. गॅसमध्ये वर्षाला वीसेक हजार वाचतील, पण टाकी त्याच डिकीत बसते.

म्हणजे माझा कल एर्टिगाकडे आहे. ती २०१२मध्ये आली आणि पहिल्यापासून खपली, त्यामुळे तिचं काम येत नाही असा मेकॅनिक साताऱ्यात शोधून सापडणार नाही. तुम्ही पाहिलेल्या गाडीत १.४ लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, चेनवर चालणारं, साधं. पण पत्रातला एक शब्द वाचून मी दचकले. सांगली.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगलीत कितीतरी गाड्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या बुडाल्या. जुलै २०२१मध्ये पुन्हा पाणी आलं, त्या वेळी चिपळूण आणि महाडचे तर हालच झाले. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलेली गाडी विमा कंपनी सहसा मोडीत काढते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. काही गाड्या तिथून धुऊन, पुसून, सीटकव्हर बदलून परत रस्त्यावर येतात. चालवायला चांगल्या लागतात. सहा महिन्यांनी एक दिवस पॉवर विंडो बंद पडते, मग एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागतो, मग भर घाटात इंजिन बंद. वायरिंगच्या जोडांत शिरलेला गाळ आतल्या आत गंज धरत असतो आणि त्यावर दुरुस्ती नसते. माझ्या माहेरच्या घरात अशी एक गाडी येऊन गेली आहे. ती सुरू होईल की नाही या धाकात माझ्या वडिलांनी दोन पावसाळे काढले. म्हणून हे मी तळमळीनं सांगतेय.

तुमची एर्टिगा तशीच असेल असं नाही. सांगलीत विश्रामबागसारख्या भागांत जिथे पाणी आलं नाही तिथेही हजारो गाड्या आहेत. पण खात्री करता येते, आणि सगळ्यात बोलका पुरावा विम्याच्या जुन्या कागदात असतो. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस मिळतो: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही गाडी जून २०१६ची आहे. म्हणजे जून २०१९च्या पॉलिसीवर ३५ टक्के असायला हवेत आणि जून २०२०च्या पॉलिसीवर ४५. २०२०च्या कागदावर तिथे शून्य दिसलं, तर त्या आधीच्या बारा महिन्यांत क्लेम झालाय, आणि त्या बारा महिन्यांतच ऑगस्ट २०१९ येतो. तसंच २०२१ आणि २०२२च्या पॉलिसीचं. एकच मालक आहे ना? मग त्याच्याकडे, नाहीतर त्याच्या विमा एजंटकडे, या पॉलिसी मिळायला काही अडचण नाही. बोनस सांभाळणारं जादा कव्हर घेतलेलं असेल तर मात्र क्लेम होऊनही आकडा तसाच राहतो, म्हणून हे एवढ्यावरच सोडू नका. पॉलिसी द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर पाणी नक्की कुठेतरी मुरतंय.

मग गाडीपाशी जा, दिवसाउजेडी. ड्रायव्हरचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. नेहमी गुंडाळलेल्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट डाग किंवा पाण्याची रेघ राहते. तिथे हात पोचत नाही म्हणून धुणारेही तिथे धूत नाहीत. पायाखालचं मॅट काढा, शक्य असेल तिथे कार्पेट उचला, खाली हात घालून ओल आणि वास पाहा. सीट ज्या रुळांवर सरकते ते रूळ आणि सीटखालचे बोल्ट टॉर्च लावून बघा. एवढ्या वर्षांत थोडा गंज चालतो, पण चारही सीटखाली सारखाच लाल गंज असेल तर ते पाणीच. फ्यूजबॉक्स उघडा, पिनांवर हिरवट पूड दिसते का पाहा. हेडलाइटच्या आत तळाशी बारीक मातीचा थर असतो. आणि गाडीत भसाभसा अत्तर मारलेलं असेल तर काचा बंद करून, एसी बंद ठेवून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास दबत नाही.

मीटर खरं की खोटं आणि गाडीला अपघात झालाय का, यासाठीही डोळे पुरतात. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर तो कधी बनला ते लिहिलेलं असतं. २०१६च्या गाडीत २०२०चा बेल्ट असेल तर तो का बदलला हे विचारा, कारण अपघातात एअरबॅग फुटल्यावर बेल्टही बदलतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायर साधारण ४०-५० हजारांवर संपतात. तुमच्या गाडीचं ६४ हजार खरं असेल तर टायरचा एक संच बदललेला असणार, पण दोनदा नाही. क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगवर बोटं टेकतात तिथली झिलई, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा काठ, हे सगळं मीटरशी जुळतं का बघा. अधिकृत वर्कशॉपची सर्व्हिस नोंद मालकाच्या मोबाइलवरून काढायला सांगा. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि किलोमीटर असतात. आकडा कुठे मागे गेलेला दिसला की बोलणं तिथेच संपवा.

एअरबॅगचं वेगळं सांगते. त्या काळात एर्टिगाच्या सगळ्या गाड्यांत एअरबॅग नव्हत्या, कागदावर आणि स्टिअरिंगवर दोन्हीकडे तपासा. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. एअरबॅग असूनही मुळीच लागला नाही, तर कुणीतरी तो बल्बच काढून ठेवलाय. एअरबॅग आणि एबीएस नसतील तर सात माणसांच्या, त्यात दोन लेकरांच्या घरासाठी ही गाडी घेऊ नका, मग ती कितीही स्वच्छ असो. तेव्हा शोध पुढे न्या. २०१८नंतरच्या एर्टिगात दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्यांत आहेत, गाड्या आपटवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं २०१९मध्ये तिला तीन तारे दिले. नाशिकला बनलेली महिंद्राची मराझो २०१८च्या चाचणीत चार तारे मिळवून गेली, मागे ऐसपैस आहे, एसी सगळ्यांपर्यंत पोचतो. ती डिझेल आहे आणि खपली कमी, त्यामुळे बॉडीच्या सुट्या भागांसाठी कधी थांबावं लागेल, पण त्याचमुळे बऱ्या स्थितीतली तुलनेनं स्वस्तात मिळू शकते. रेनॉची ट्रायबर सुरक्षेत बरी, पण १ लिटरचं इंजिन घेऊन सात माणसं कोयनेच्या बाजूला चढवायची म्हटलं तर ती दमते. शेव्हरोलेची एन्जॉय किंवा होंडाची मोबिलिओ स्वस्तात दाखवतील. दोन्ही २०१७मध्ये बंद झाल्या, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

चालवून बघायला तुमच्या गावात यवतेश्वरचा घाट आहे, याहून चांगली परीक्षा नाही. पण सकाळी इंजिन थंड असताना जा, आणि आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. बोनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर त्यांनी आधीच सुरू करून ठेवली आहे. पहिल्या सेल्फला सुरू व्हावी, निळसर धूर नसावा. ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन मारते का, म्हणजे तिथून धूर आणि हवा जोरात बाहेर येते का, ते मेकॅनिक बघेल. मग पाच जण बसवून घाट चढा. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर इंजिनाचा आवाज वाढतोय आणि वेग वाढत नाही असं झालं तर क्लचप्लेट संपली. उतारावर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं का, खड्ड्यात पुढून लोअर आर्मचा ठकठक आवाज येतो का, ऐका. मेकॅनिक तुमचा असावा, एजंटच्या ओळखीचा नको. त्याला हजार-दीड हजार द्या, लिफ्टवर गाडी चढवून घ्या. दारांचं रबरी बीडिंग ओढून पिलरवरचे वेल्डिंगचे ठिपके आणि बोनेटखाली एप्रन, म्हणजे चाकावरचा आतला पत्रा, तो बघेल. बोनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तिथे पाना लागलाय, म्हणजे बोनेट कधीतरी काढलंय, ते का हे विचारा.

कागदांचं थोडक्यात. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत हे पाहा, थकलेले ई-चलान विकणाऱ्याला भरायला लावा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर व्हावी. एजंटनं आधीच सह्या घेऊन ठेवलेले कोरे फॉर्म नकोत. शक्यतो मूळ मालकाशी एकदा फोनवर बोला. पैसे बँकेतून, मालकाच्याच खात्यात. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सह्यांनी करा, म्हणजे आधीच्या दंडाचं आणि अपघाताचं ओझं तुमच्यावर येणार नाही. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल. त्याचा फास्टॅगही त्यालाच बंद करायला सांगा.

सात लाखांतले साठ-सत्तर हजार बाजूला काढून ठेवा. चार टायरचे वीस-पंचवीस हजार, बॅटरी, पूर्ण सर्व्हिस, नाव बदलण्याचा आणि विम्याचा खर्च. चांगली निघालेली गाडीही पहिल्या दोन महिन्यांत एवढं मागते.

आता या तीन दिवसांचं. आजच एजंटला फोन करून जून २०१९पासून २०२२पर्यंतच्या चारही पॉलिसींचे फोटो मागा. शुक्रवारी सर्व्हिसची नोंद. दोन्ही जुळलं तर शनिवारी सकाळी मेकॅनिक, आई आणि आत्या यांना घेऊन जा. गाडी कराडमध्ये असेल तर साताऱ्यापर्यंत आणायला सांगा, खरं विकायचं असेल तर तो आणेल. यातलं सगळं चोख निघालं, एअरबॅग असल्या, तर सहा लाखांना मागून पाहा आणि मग टोकन द्या, तेही पावती घेऊन, «पासिंगमध्ये अडचण आल्यास रक्कम परत» असं लिहून घेऊन. पॉलिसी मिळाल्या नाहीत तर रविवारी ती गाडी दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. वडिलांना त्या दिवशी यवतेश्वरला नेऊन आणा आणि पुढच्या आठवड्यात साताऱ्याच्याच, एमएच ११ पासिंगच्या गाड्या शोधायला लागा. तिथे मालकाचं घर आणि त्याचा मेकॅनिक दोन्ही तुम्हाला गाठता येतात.